लातूरच्या कोच कारखान्यात रशियन भागीदार आला, आपल्या लेकरांच्या हाती काय लागणार?

हरंगुळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. एकतीस वर्षं पोरांना फाईल धरायला शिकवली. आता निवृत्त आहे. सकाळी हरंगुळकडं फिरायला गेलं की कोच कारखान्याची लांबच लांब शेड दिसते आणि रोज तोच विचार मनात येतो. आज लिहूनच टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मराठवाडा रेल कोच कारखान्याचं भूमिपूजन २०१८ ला झालं. बांधकाम रेल विकास निगम या केंद्र सरकारच्या कंपनीनं केलं. २०२० च्या डिसेंबरात डब्याचा पहिला सांगाडा, म्हणजे शेल, बाहेर पडला. त्यानंतर २०० वंदे भारत स्लीपर गाड्यांची निविदा निघाली. रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या जोडीची बोली सगळ्यात कमी होती, एका गाडीला १२० कोटी रुपये. त्यांना १२० गाड्या मिळाल्या. उरलेल्या ८० त्याच भावात टिटागढ ही खासगी कंपनी आणि भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, केंद्र सरकारची कंपनी) यांच्या जोडीला गेल्या. १६ डब्यांच्या हिशेबानं १२० गाड्यांचे १,९२० डबे होतात. शिवाय ३५ वर्षांची देखभाल. मूळ ठरल्याप्रमाणं भागीदारीत मॉस्कोजवळच्या मेट्रोवॅगनमॅशचा ७० टक्के वाटा, आणखी एका रशियन कंपनीचा ५ आणि आपल्या निगमचा २५. मध्यंतरी निगमनं मोठा वाटा मागितला, त्यावरून ताणाताणी झाली. ती मिटून २०२३ च्या सप्टेंबरात पुरवठ्याच्या करारावर सह्या झाल्या.

मला कुणाला विरोध करायचा नाही आणि कुणाची आरतीही ओवाळायची नाही. माझ्या हाताखालून गेलेली शेकडो पोरं आज पुण्यात चाकणला, भोसरीला खोल्या करून राहतात. त्यांच्या मागून येणाऱ्यांना घराजवळ काम मिळावं, एवढीच माझी तळमळ. पण "काम" म्हणजे बोल्ट आवळणं की डबा समजून घेणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सरकारी कंपनी आणि परदेशी कंपनी एकत्र आल्यावर त्या गावाला काय मिळालं, काय निसटलं, हे ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय त्यांनी लिहावं. भाषण नको, अनुभव पाहिजे.

---

औसा_शिवार

सर, रामराम. मी शेतकरी माणूस, मोठं काय सांगू. पण आमच्या वाड्यात एचएमटीचा ५९११ अजून चालू हाय म्हणून सांगायलोय.

एचएमटी सरकारची कंपनी. ट्रॅक्टर मात्र चेकोस्लोव्हाकियाचा, झेटर. म्हणून आमच्याकडं जुनी माणसं त्याला अजून झेटरच म्हणतेत. १९७१ च्या सुमाराला हरयाणात पिंजोरला जोडणी सुरू झाली. त्याच्याआधी १९६१ ला ह्याच कंपनीनं जपानच्या सिटिझनसंगं घड्याळं काढली. आमच्या वडलांच्या लग्नात मामानं कांचन घातलं होतं हातात. म्हणजे एकाच घरात मनगटावर जपान आन् वावरात झेक, आन् दोन्हीवर नाव सरकारी कंपनीचं.

ऊस ओढायला ५९११ सारखं जनावर नाही. पिंजोरचा कारखाना बंद करायचं २०१६ ला ठरलं, तरी आमच्या औशाचा मिस्त्री त्याचं इंजिन डोळे झाकून उतरवतो. त्याला कुणी झेक साहेबानं शिकवलं नाही. चाळीस वर्षं खोलून खोलून शिकला.

---

वाळूज_सेकंड_शिफ्ट

औसा_शिवार, तुमच्या ट्रॅक्टरच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती या धाग्यासाठी लाखमोलाची आहे.

ज्या काळात दिल्लीत झेटर घ्यायचं ठरत होतं, त्याच काळात दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत चंद्रमोहन आणि त्यांचे सहकारी संपूर्ण देशी ट्रॅक्टरचा आराखडा करत होते. केंद्रानं परदेशी आराखडा पसंत केला. मग पंजाब सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळानं तो देशी ट्रॅक्टर उचलला. १९७० ला पंजाब ट्रॅक्टर्स स्थापन झाली आणि १९७४ ला स्वराज ७२० बाजारात आला.

आता तुलना करा. दोन्ही कंपन्या सरकारी, एक केंद्राची आणि एक राज्याची. माल एकच, गिऱ्हाईक एकच, कारखाने एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर, कारण पिंजोर आणि मोहाली काही लांब नाहीत. एकीकडं आराखडा विकत घेतलेला, दुसरीकडं स्वतः काढलेला. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद झाला. पंजाब ट्रॅक्टर्स २००७ ला महिंद्राकडं गेली, तरी स्वराज आजही तुमच्या शेजारच्या शिवारात नवा कोरा उभा असेल. एचएमटी बंद पडायला इतरही दहा कारणं आहेत, सगळं खापर झेटरवर फोडणं बरोबर नाही. पण बदल करायची वेळ आली तेव्हा ज्यांनी आराखडा काढला होता, त्यांना तो बदलताही आला.

---

हरंगुळकर (धागाकर्ता)

ही माहिती मला नव्हती. वर्गात स्वराजची क्लच प्लेट हजार वेळा दाखवली असेल, पण त्याच्यामागची ही गोष्ट पोरांना कधी सांगितली नाही. सांगायला पाहिजे होती.

---

उदगीर_बिदर_हैदराबाद

धागाकर्त्यांचे आभार. लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्या पिढीला उदगीरहून पुणं लांब आणि हैदराबाद जवळ. बिदर, जहीराबाद केलं की पोचलोच. निजामाच्या राज्यातले आपण, १९५६ पर्यंत राजधानीच ती. मी १९७६ ला तिथल्याच एका सरकारी कारखान्यात टर्नर अप्रेंटिस म्हणून लागलो. नाव घेत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते कुठल्याही कारखान्यात घडू शकतं.

आधी पार्श्वभूमी. भेलचे मूळ मोठे कारखाने वेगवेगळ्या देशांच्या मदतीनं उभे राहिले. भोपाळला ब्रिटिश, हरिद्वारला सोव्हिएत, हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरमला आणि तिरुचिरापल्लीला चेकोस्लोव्हाक. पोलादातही तेच. भिलाई सोव्हिएत, राउरकेला पश्चिम जर्मन, दुर्गापूर ब्रिटिश. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली नाहीत, ही त्या काळातल्या धोरणकर्त्यांची हुशारी. भिलाईचं कर्ज अडीच टक्के व्याजानं, बारा वर्षांत फेडायचं, तेही रुपयांत, आणि त्या रुपयांतून ते आपलाच माल नेणार. डॉलरची चणचण असलेल्या देशाला हा सौदा कसा वाटला असेल, कल्पना करा.

आता माझा अनुभव. आमच्या शॉपमध्ये एका शाफ्टच्या ड्रॉइंगवर एका खांद्याची त्रिज्या ठरावीक होती. ती काढायला स्वतंत्र फॉर्म टूल लागायचं, वेळ जायचा. मी फोरमनला विचारलं, एवढीच का? ते चेकोस्लोव्हाकियात जाऊन प्रशिक्षण घेऊन आलेले, सोन्यासारखे माणूस. म्हणाले, "बेटा, कसं करायचं ते मला शिकवलं. का करायचं ते त्यांच्या कपाटात राहिलं." हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे. पुढं मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पदविका केली, तेव्हा कळलं की त्या खांद्यावर ताण एकवटतो आणि त्रिज्या कमी केली तर शाफ्ट थकून तिथंच तडकतो. कारण कळल्यावर मला ते ड्रॉइंग वाचता यायला लागलं. त्याआधी मी ते नुसतं बघत होतो.

पण "का" शिकलेली उदाहरणंही आपल्याकडं आहेत आणि त्यातलं एक मराठवाड्यातच उभं आहे. परळीचं औष्णिक केंद्र. २१० मेगावॅटचे संच भेलचे. देशात अशा संचांची टर्बाइनं आधी लेनिनग्राडच्या आराखड्याची आली, नंतर जर्मन. बॉयलरच्या आराखड्यासाठी अमेरिकन कंपनीशी करार होता. हे सगळे आराखडे त्यांच्या कोळशासाठी बेतलेले. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के, आणि ती वाळूसारखी खरखरीत. तशाच बॉयलरमध्ये हा कोळसा जाळला तर राखेचे कण नळ्या घासून घासून पातळ करतात आणि एक दिवस नळी फुटते. आपल्या अभियंत्यांनी वायूचा वेग कमी ठेवला, भट्टी रुंद केली, नळ्यांमधलं अंतर वाढवलं. करारात यातलं काही लिहिलेलं नव्हतं. फुटलेल्या नळ्या मोजून, कापून, तपासून ते शिकावं लागलं. भारतीय कोळशाचा बॉयलर कसा असावा, हे मग परदेशी कंपन्यांना आपल्याकडून समजून घ्यावं लागलं.

म्हणून हरंगुळकर सर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. २५ टक्के वाट्याचा लाभांश किती येतो याची चिंता मी करणार नाही. त्या २५ टक्क्यांच्या जोरावर आपली किती माणसं आराखड्याच्या खोलीत बसतात, हे मी विचारीन.

---

नांदेड_गाडीपुरा

सगळं खरं आहे, पण थोडा कडू घोट मीही देतो.

आमच्या नांदेडला उस्मानशाही मिल होती. निजाम सरकारनं १९२९ ला औद्योगिक विश्वस्त निधी काढला आणि त्यातून राज्यातल्या कारखान्यांचे भाग घेतले. त्यांत ही गिरणीही होती. सरकारनं उद्योगात भांडवल घालणं हे आपल्याकडं नेहरूंच्याही आधीचं आहे. पुढं ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं आली. माझे आजोबा भोंग्यावर घड्याळ लावायचे. आज भोंगा नाही, यंत्रं नाहीत, जागा तेवढी आहे. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या बोटांत सूत जोडायची कला होती, ती त्यांच्याबरोबर स्मशानात गेली.

सरकारी मालकी म्हणजे कायमची हमी, असं कुणी समजू नये. रांचीचं हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन बघा. १९५८ ला स्थापन झालं, सोव्हिएत आणि चेकोस्लोव्हाक मदतीनं उभं राहिलं, बोकारोच्या पोलाद कारखान्याची यंत्रं त्यांनी बनवली. कारखाने बनवणारा कारखाना म्हणायचे त्याला. ऑर्डरी आटल्या आणि अलीकडं तिथल्या कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. त्यांच्या हातात कसब होतं, ड्रॉइंगही होती. गिऱ्हाईक एकच होतं, सरकार. त्यानं पाठ फिरवली की संपलं.

लातूरलाही गिऱ्हाईक एकच आहे, रेल्वे. १२० गाड्या झाल्यावर पुढं काय, हा प्रश्न आजच विचारा.

---

सेलूकर

वाचनखूण साठवली. उदगीरकर काका, त्या वहीतली पानं इथं टाका ना.

---

परभणी_अर्थशास्त्र

नांदेडकरांचा मुद्दा महत्त्वाचा, त्याला जोडून बाहेरची दोन उदाहरणं देते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, पण पुस्तकी वाटणार नाही याची काळजी घेते.

पहिलं दक्षिण कोरिया. १९६८ ला त्यांनी पोस्को ही सरकारी पोलाद कंपनी काढली. पाश्चात्त्य देशांच्या कंपन्यांचा गट पैसा उभा करणार होता, पण जागतिक बँकेनं हा प्रकल्प परवडणारा नाही असं मत दिलं आणि गट पांगला. मग कोरियानं जपानकडून वसाहतकाळाच्या भरपाईपोटी मिळणारा पैसा पोलादाकडं वळवला आणि तंत्रज्ञानही जपानी कंपन्यांकडूनच घेतलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्याकडूनच शिकायचं, हे सोपं नव्हतं. १९७३ ला पहिला टप्पा सुरू झाला, क्षमता साधारण १० लाख टन. आपल्या भिलाईची सुरुवातही तेवढ्याच क्षमतेनं, आणि त्यांच्या चौदा वर्षं आधी. पण पोस्कोनं प्रत्येक विस्ताराच्या टप्प्यात परदेशी अभियंत्यांचं काम कमी आणि स्वतःचं जास्त, असं करत नेलं. आपल्याकडं बोकारोच्या वेळी दस्तूर या देशी सल्लागार अभियंत्यांच्या कंपनीनं देशातच सविस्तर अहवाल तयार केला होता. सोव्हिएत मदत आली तेव्हा आराखड्याची सूत्रं त्यांच्याकडं गेली आणि खर्च कमी करण्याच्या दस्तूरच्या बहुतेक सूचना बाजूला पडल्या. हे वाचताना मला आजही हळहळ वाटते. शिकलेला माणूस घरात होता आणि आपण त्याला ओसरीवर बसवलं.

दुसरं नायजेरिया. अजाओकुटा इथं सोव्हिएत मदतीनं प्रचंड पोलाद कारखाना उभा राहिला. १९९४ पर्यंत ९८ टक्के काम झाल्याचं सांगितलं गेलं. तिथं आजवर पोलादाचा रस ओतला गेलेला नाही. कारण एकच नाही, पण एक अगदी साधं आहे. खनिज आणि कोळसा आणणारी रेल्वे वेळेवर पूर्ण झाली नाही. शेड झाली, भट्टी झाली, भोवतालचं काहीच झालं नाही.

लातूरला हाच प्रश्न मी असा विचारीन. डब्याचं शेल इथं होईल, पण सीट, काच, वायरिंगच्या माळा, दरवाजे, रबरी सील हे कुठून येणार? यातलं एक जरी लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या एमआयडीसीत बनलं, तरी १२० गाड्या संपल्यावर ते कारखाने दुसरं गिऱ्हाईक शोधू शकतील.

---

वाळूज_सेकंड_शिफ्ट

परभणीच्या ताई, तुम्ही माझ्याच अंगणात आलात.

मारुती आठवा. १९८२ ला सुझुकीशी करार झाला तेव्हा सरकारचा वाटा ७४ टक्के आणि सुझुकीचा २६. लातूरचं गणित जवळजवळ उलटं आहे. मारुतीतही गाडीचा आराखडा जपानमध्येच होत राहिला. ७४ टक्के असून तो काही हलला नाही, त्यामुळं नुसत्या टक्क्यांवर मी भाळणार नाही. पण सरकारनं एक अट घट्ट धरली, ठरावीक वर्षांत बहुतांश सुटे भाग देशात बनले पाहिजेत. त्या अटीपायी गुडगावभोवती भाग बनवणाऱ्यांची जी फळी तयार झाली, तिच्यावर पुढं सगळ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मारुतीच्या प्रमुखपदी तेव्हा व्ही. कृष्णमूर्ती होते, त्याआधी भेल चालवलेले. सरकारी कारखान्यात शिकलेलं शहाणपण असं एका कंपनीतून दुसरीत गेलं. हैदराबादच्या आयडीपीएलचंही तेच. सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला तो सरकारी औषध कारखाना स्वतः आजारी पडला, पण तिथं काम केलेल्या अंजी रेड्डींनी पुढं स्वतःची कंपनी काढली आणि हैदराबाद औषधांचं शहर झालं. ताळेबंदात तोटा दिसतो, ही माणसं दिसत नाहीत.

आपल्या वाळूजला १९८५ ला बजाज आली. ती खासगी, पण रीत तीच. तिच्यामागून भाग बनवणारे आले. त्यांतल्या एन्ड्युरन्सचे आज इटली-जर्मनीत कारखाने आहेत, मुख्यालय वाळूजमध्ये. मराठवाड्याच्या मातीत हे होत नाही, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

फक्त एक दुखणं सांगतो. मी एका कंपनीत अकरा वर्षं कंत्राटी होतो. दर काही महिन्यांनी कागदोपत्री ब्रेक, मग नवीन कंत्राटदार, पुन्हा नवा गेटपास. मशिन मात्र तेच. नवीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशिन, आलं तेव्हा प्रशिक्षणाला कायम कामगार पाठवले, चालवलं आम्ही. लातूरची लेकरं अशीच सहा-सहा महिन्यांच्या गेटपासवर राहिली, तर उदगीरकर काकांचं "का" सोडा, "कसं"सुद्धा त्यांच्या हाती टिकणार नाही.

---

औसा_शिवार

आन् पाणी? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं लातूरला, विसरलाव का? परळीचं केंद्र २०१३ ला पाण्यापायी बंद ठेवावं लागलं. कोचच्या कारखान्याला केंद्राएवढं पाणी लागत नाही हे खरं, पण संगं माणसं येणार, वस्ती वाढणार. त्याचं आधी बघा म्हणाव.

---

मुखेडची_वेल्डर

नमस्कार. मी बऱ्याच दिवसांपासून फक्त वाचत होते, आज खातं उघडलं. मी आयटीआय वेल्डर ट्रेड २०२३ ची. आमच्या बॅचमध्ये दोनच मुली होतो. सध्या नांदेडला ग्रिल-गेटच्या दुकानात काम करते. माइल्ड स्टीलवर आर्क चांगलं जमतं, मिग वेल्डिंगवर थोडा हात बसलाय. स्टेनलेस स्टील फारसं केलेलं नाही.

रेल्वे डब्यासाठी नेमकं काय लागतं? कुठलं प्रमाणपत्र? कुणी सांगेल का?

---

उदगीर_बिदर_हैदराबाद

बाळा, बरं झालं विचारलंस. या अख्ख्या धाग्यात सगळ्यात कामाचा प्रश्न तुझा आहे.

डब्याचं शेल स्टेनलेस स्टीलचं असतं आणि पत्रा पातळ. स्टेनलेसमधून उष्णता लवकर बाहेर जात नाही आणि ते तापल्यावर फुगतंही जास्त, म्हणून पत्रा वेडावाकडा होतो. माइल्ड स्टीलच्या सवयीनं करंट ठेवलास तर डब्याची बाजू लाटांसारखी दिसेल. थोडं थोडं, ठिकठिकाणी टाके घालत, आलटून पालटून बाजू बदलत जायचं. रेल्वे वाहनांच्या वेल्डिंगसाठी ईएन १५०८५ हे युरोपीय मानक आहे. ते कारखान्याच्या पद्धतीला लागू होतं. वेल्डरच्या स्वतःच्या परीक्षेसाठी आयएसओ ९६०६ आहे. परीक्षेत तुझा जोड वाकवून, तोडून बघतात. टिग वेल्डिंगचा सराव कर. आणि प्रत्येक जोड का तसाच घालायचा, ते विचारत जा. कुणी वैतागलं तरी विचार.

---

हरंगुळकर (धागाकर्ता)

मुखेडची_वेल्डर, उदगीरकर साहेबांनी सांगितलं त्यात माझी एक भर. वर्कशॉपमधून स्टेनलेसचे कातरलेले तुकडे रद्दीच्या भावात मिळतात. दीड-दोन मिलिमीटरचे घे. आमच्यातले तीन-चार निवृत्त निदेशक लातूरला आहेत, त्यांतल्या एकाच्या शेडमध्ये टिगचं मशिन आहे. रविवारी सकाळी मी त्यांना बोलावतो. तू ये, तुझ्या बॅचची ती दुसरी मुलगीही आण.

बाकी मंडळी, इथं आलेल्या मुद्द्यांवरून मी खासदार, पालकमंत्री आणि रेल्वेला पाठवायला निवेदनाचा मसुदा करतोय. चारच मागण्या ठेवतो. आराखड्याच्या कामात निगमच्या वतीनं बसणाऱ्या अभियंत्यांची संख्या जाहीर करावी, त्यांत मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दर वर्षी काही जण घ्यावेत. अप्रेंटिस पूर्ण मुदतीचे असावेत, सहा महिन्यांच्या गेटपासचे नकोत. सुट्या भागांपैकी कुठले विभागातच घ्यायचे ते आधी सांगावं, म्हणजे आमची लहान वर्कशॉपं तयारीला लागतील. आणि पुढची ३५ वर्षं देखभाल करायची आहे, तर त्याचं शिक्षण आमच्या आयटीआयमध्ये आजपासून सुरू करावं, मशिनसकट. औसेकर, पाण्याचं वेगळं निवेदन करू, ते चार ओळींत मावणारं नाही.

नांदेडकर, तुमचा १२० गाड्यांनंतरचा प्रश्न मसुद्यात सगळ्यात वर टाकलाय.

---

मुखेडची_वेल्डर

सर, रविवारी येते. मुखेडहून पहिली एसटी सकाळी लवकर आहे. दोघी येतो.

---

उदगीर_बिदर_हैदराबाद

मीही येतो उदगीरहून. वही घेऊन येतो.